काटा पंचवीसवर, लॉरी आठव्या मैलावर

चांद्याहून मूलला

सरासरी वेग म्हणजे काय, हे मी दर वर्षी नववीच्या वर्गाला शिकवतो. एकूण अंतर, भागिले एकूण वेळ. फळ्यावर दोन उदाहरणं सोडवतो, पोरं उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मलाही त्या भागाकाराची वर्गाबाहेर कधी गरज पडली नव्हती. ती पडली एका पोळ्याच्या दिवशी, वैनगंगेच्या अलीकडच्या जंगलात, माशांच्या पिलांनी भरलेल्या वीस मडक्यांच्या मधोमध बसलो असताना. त्या मुलखात जे गेले नाहीत, त्यांच्यासाठी हा प्रवास लिहून काढतो आहे.

आधी माझी ओळख. मी भद्रावतीकडचा, काळ्या मातीतला, कापूस-ज्वारीवाल्या घरातला. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला, आणि नागपूरला राहून बी.एस्सी. झालेला गावातला पहिला. हे सांगताना लाजावं असं मला काही वाटत नाही. चांद्याला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. पहिल्या पगारांतून वाचवून घेतलेलं घड्याळ मनगटावर असतं आणि ते मी वारंवार बघतो, हेही खरं.

माझे मामा झाडीपट्टीत कुसुंबटोल्याला धान करतात. त्यांचा निरोप आला: "पोळ्याच्या सुटीत ये, पण सरळ घरी येऊ नको. मूल स्टेशनवर आपल्या गावचे ढिवर भेटतील. कलकत्त्याकडून त्यांचं मासोळीचं बी येणार आहे. स्टेशनातले बाबू त्यांना दाद देत नाहीत. तू इंग्रजी बोल, माल सोडव आणि त्यांच्यासोबत ये."

बी, म्हणजे तलावात सोडायची पिलं, कशाला हवं, तेही मामांनी कळवलं होतं. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, होती तोवर गावच्या तलावातली मासोळी एक ठेकेदार काढायचा आणि मासे धरणारे ढिवर त्याचे मजूर. मालगुजारी गेली, ढिवरांनी मिळून सोसायटी केली, आणि तलाव एक वर्षासाठी त्यांना मिळाला. अट एकच: पोळ्याच्या दिवसापर्यंत गावासमोर तलावात नवं बी पडलं पाहिजे. नाही पडलं, तर तलाव पुन्हा ठेकेदाराचा.

चांद्याहून मूलला छोटी गाडी जाते. तिच्या खिडकीतून बांबू, साग आणि धानाच्या बांध्या बघत गेलो. आमच्याकडे भाद्रपदाच्या तोंडाशी रान काळंहिरवं असतं. इथं ते पोपटी असतं आणि जिकडे तिकडे पाणी साचलेलं. ते पाणी पाहून मला उगाचच वाटलं, मासे पोचवायचे म्हणजे काय मोठंसं काम!

मूल, पोळ्याची सकाळ

मूलच्या फलाटावर पाच माणसं आणि एक बाई माझी वाट बघत होती. म्हाताऱ्याचं नाव बुधाभाऊ. अंगानं वाळका, पण खांद्यावर कावडीनं पडलेला घट्टा सुपारीएवढा. बाई म्हणजे त्याची विधवा बहीण सोनाबाई. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हाच का पाटलाचा भाचा?" ती भावाला म्हणाली, मला नाही. "हा तं आल्यापासून घडीच पाहून राह्यला."

सकाळच्या गाडीतून मडकी उतरली. बाबूशी मी इंग्रजीत बोललो, तो उठून उभा राहिला, माल सुटला. मला बरं वाटलं. मडकी मोठी, तोंडाला फडकं बांधलेलं. एकाचं फडकं सोडून बुधाभाऊनं मला आत दाखवलं. गढूळ पाण्यात जिऱ्याएवढी पिलं वळवळत होती. मी पाहतो आहे तोवर त्याचा हात मडक्याच्या काठावर होता आणि मडकं डुलत होतं. बाकीचे चौघंही तेच करत होते. प्रत्येकाचे दोन हात दोन मडक्यांवर, आणि पाणी सारखं डुचमळतं आहे.

"हलवता कशाला?" मी विचारलं.

"थांबलं का मेलं, मास्तर. पानी हाललं पायजे. अन् ऊन लागलं नाई पायजे."

हे माझ्या लगेच ध्यानात आलं. हललेल्या पाण्यात हवा मिसळते; थांबलेल्या पाण्यात इतकी पिलं गुदमरतात. मी तसं सांगितलं. सोनाबाई म्हणाली, "मंग हालव ना, सांगत काऊन उभा राह्यला?"

आता न्यायचं कसं? एरवी बैलगाड्या मिळाल्या असत्या. पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायला त्या मुलखात कोणी तयार होणार नाही. कावडी पाच, म्हणजे दहा मडकी. उरलेल्या दहांचं काय? आम्ही बोलत होतो तेवढ्यात स्टेशनाबाहेर एक लॉरी येऊन थांबली. ठेकेदाराची. बांबू वाहायची. ड्रायव्हरचं नाव गणपत, तोंडात विडा, बोलणं अर्धं हिंदी.

"सेठनं पाठवली," तो म्हणाला. "पोळ्याचा दिन आहे, गरिबाचा माल अटकू नये म्हणे. भाडं नाई, काई नाई. चढवा."

ज्याच्या हातून तलाव गेला, त्याच माणसानं फुकट लॉरी पाठवली. मला तिथंच खटकलं. बुधाभाऊलाही खटकलं असावं, कारण त्यानं मडक्यावरचा हात काढला नाही. पण सोनाबाई त्या दहा मडक्यांकडे बघत होती आणि ऊन वर येत होतं.

मी गणपतला विचारलं, "कुसुंबटोला किती मैल?"

"रोडनं बीस."

"आणि तुझी गाडी?"

"पच्चीस के काटे पे चलती है, मास्टर. आप खुद देख लेना."

वीस भागिले पंचवीस. तास पुरा लागत नाही. मी बुधाभाऊला तसं सांगितलं. माझा भागाकार बरोबर होता, आजही बरोबर आहे. आकडा मात्र गणपतनं दिलेला होता. साडेसातला लॉरी हलली.

आठवा मैल

चालत्या लॉरीत एक सोय होती. खाचखळगे इतके, की मडकी आपोआप हलत. आम्ही नुसते ती धरून बसलो. मी पुढच्या बाजूला, गणपतच्या मागच्या झरोक्याशी, म्हणजे काटा दिसावा म्हणून. काटा खरोखरच पंचवीसवर होता. रस्त्याच्या कडेनं सागाची पानं चाळणीसारखी झालेली, त्यांतून ऊन गळत होतं. खेड्याखेड्यांत बैल धुऊन उभे होते, शिंगं रंगवलेली, दारांना आंब्याची तोरणं. आमच्या गावात बैलांच्या पाठीवर झूल टाकतात. इथं गरिबाच्या बैलाला पळसाच्या पानांची माळ. मला ती जास्त आवडली.

मग लॉरी थांबली. इंजिनाला पाणी हवं म्हणे. गणपत डबा घेऊन नाल्यात उतरला तो बऱ्याच वेळानं आला. तोवर आम्ही सात जणं वीस मडकी हलवत बसलो. पुढं निघालो, काटा पुन्हा पंचवीसवर. पुन्हा थांबली, चाक बघायचं होतं. चाकाला काही झालं नव्हतं. मग एका हॉटेलापुढं थांबली. गणपतनं भजी मागवली आणि चहा बशीत ओतून फुंकत बसला.

"मास्टर, चाय?"

"गाडी चालव."

"अरे, पाच मिनिट."

मी उतरून पाहिलं. हॉटेलाला लागून वडाचं झाड, खाली दोन लॉऱ्या मावतील एवढी सावली. आमची लॉरी उभी होती ती सावलीच्या पलीकडं, उन्हात. मला आठवलं, नाल्यापाशीही करंजीची सावली सोडून तो पुढं जाऊन थांबला होता.

मी परत चढलो आणि बुधाभाऊला विचारलं, "भाऊ, आता किती दूर राहिलं?"

बुधाभाऊनं तोंड फिरवलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी मोठ्यानं विचारलं. माना आणखी खाली गेल्या.

आता माझा संशय दुसरीकडं वळला. गावची माणसं, जन्मभर याच वाटेनं येणारी, आणि अंतर सांगत नाहीत? म्हणजे यांचं काहीतरी ठरलेलं आहे. ठेकेदारानं यांतल्या कोणाला फोडलं तर नसेल? मी घड्याळ पाहिलं, खिशातली पेन्सिल काढून सिगारेटच्या पाकिटावर वेळ टिपली.

"पाह्यलं?" सोनाबाई फणकारली. "मी म्हनत नव्हती? घडी पायते, लिवून ठेवते, अन् वरतून अपशकुनाचं इचारते. बुधा, हा मास्तर आपला नोहे. हा सेठचा मानूस हाये."

"मी?" मी उडालोच. "मी बी.एस्सी. आहे, बाई! ठेकेदाराचं तोंड मी पाहिलेलं नाही!"

"मंग काय लिवून राह्यला?"

"वेग काढतो आहे."

"तो कोनाले पायजे?"

हसायचीही सोय नव्हती. लॉरीत आम्ही सात माणसं होतो आणि एकमेकांकडे चोरट्या नजरेनं बघत, हात मात्र न थांबवता, मडकी डुलवत होतो. शेवटी बुधाभाऊनंच खुलासा केला. हळू आवाजात, माझ्याकडं न बघता. "मास्तर, जीव भरलेली कावड असली का रस्ता इचारत नाई आमच्यात. किती राह्यलं म्हनलं का वाट लांबते, अन् आतला जीव ऐकते. बाईचं मनावर नोका घेऊ."

ऐकणारी पिलं. मला ते पटलं नाही आणि मी पटल्याचं ढोंगही केलं नाही. पण एक उलगडलं: ही माणसं लपवत नव्हती.

लॉरी निघाली आणि थोडं जाऊन पुन्हा थांबली. कोणी ओळखीचा भेटला होता, गणपतला त्याच्याशी बैलाच्या किमतीचं बोलायचं होतं. समोर मैलाचा दगड होता. त्यावर आठ. मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

दोन तासांत आठ मैल. तासाला चार.

मी पुन्हा एकदा करून पाहिलं, कारण काटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. पण काटा फक्त लॉरी पळते तेव्हाचं सांगतो. थांबलेल्या लॉरीचा काटा कोणी बघत नाही. वेळ मात्र तेव्हाही जात असतो. मी खाली उडी मारली.

"गणपत, दोन तासांत आठ मैल झाले. ही लॉरी माणसाच्या पायानं चालली आहे."

"काटा तो देखा ना आपने?"

"काट्याचं सांगू नको. थांबलास ते कोण मोजणार?"

"अरे मास्टर, थांबायचं संपलं. अब बारा मैल सीधा. पच्चीस के काटे पे. आधे घंटे में तलाव."

हाच खरा पेच होता. तो खरं बोलत असेल तर अर्ध्या तासात काम होतं. मागचे दोन तास खरे मानले, तर बारा मैलांना अजून तीन तास, म्हणजे डोक्यावरचं ऊन, म्हणजे मेलेली पिलं आणि गेलेला तलाव. एकीकडं त्याचा शब्द, दुसरीकडं माझा भागाकार. मी लॉरीत चढलो.

"बुधाभाऊ, इथून पायवाट आहे?"

"हाये. नाल्याच्या काठानं."

"किती आहे?"

मी हात जोडले. "भाऊ, मी अपशकुन करायला विचारत नाही. हा माणूस आपल्याला उन्हात मारतो आहे. वाट किती हे कळल्याशिवाय मला उतरा म्हणता येत नाही, आणि बसून राहा म्हणता येत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय माझं गणित पुरं होत नाही."

बुधाभाऊनं बहिणीकडं पाहिलं. म्हातारा घामानं भिजला होता. उत्तर दिलं ते सोनाबाईनं. तिनं आधी दोन्ही हात मडक्यांच्या तोंडावर झाकण ठेवावं तसे ठेवले, जणू पिलांचे कान झाकले, आणि म्हणाली, "दोन पान्याची वाट हाये."

"म्हणजे किती मैल?"

"मैल मले नाई समजत. कावड घेऊन निंगालं का एकदा पानी बदलाव लागते, मंग दुसऱ्यांदा बदलाच्या टायमाले तलाव येते. दोन पानी."

"आणि एका पाण्याला किती वेळ?"

"तासभर," एक कावडवाला म्हणाला.

अंतर विचारलं आणि वेळ मिळाला. मला वेळच हवा होता. पायी दोन तास. लॉरीनं आजवरच्या चालीनं तीन. मी म्हणालो, "उतरा."

पण कावडी पाच. दहा मडकी मागं राहणार आणि लॉरीतच जाणार. त्यांच्यापाशी कोण? चालती लॉरी मडकी हलवेल; थांबली, तर दहा मडक्यांना दोन हात पुरणार नाहीत.

"मी राहीन," सोनाबाई म्हणाली. "तुमी जा. डायवराले मी पायतो."

पुरुषासारखं 'पायतो' म्हणाली ती, आणि दोन मडकी उचलून मागं न ठेवता थेट गणपतच्या शेजारी, पुढच्या बाकावर नेऊन ठेवली आणि मधे बसली. गणपत काही म्हणणार होता. तिच्याकडं बघून विडा गिळून बसला.

नाल्याची वाट

पाचवा कावडवाला सकाळपासून लंगडत होता. त्याला आम्ही लॉरीच्या मागच्या बाजूला आठ मडक्यांपाशी बसवलं आणि त्याची कावड मी घेतली. घेताना मला वाटलं होतं, शेतकऱ्याच्या पोटचा आहे, ओझं नवं नाही. शंभर पावलांत समजलं, हे ओझं नव्हे. पोतं उचलणाऱ्यानं पाऊल स्थिर टाकायचं असतं. इथं स्थिर टाकलं की काम फसलं.

"मास्तर, असे सरके सरळ नोका चालू!" बुधाभाऊ मागून ओरडला. "ठुमका घ्या, ठुमका! नवरदेवापुढं नाचता तसे!"

मी ठुमकलो. बी.एस्सी. झालेला माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर कावड, जंगलात ठुमकत चालला होता. समोरून रानभाजीच्या टोपल्या घेऊन दोन गोंड बायका आल्या, वाट सोडून उभ्या राहिल्या आणि तोंडाला पदर लावून आपसांत गोंडीत काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही, आणि सगळं कळलं.

पण वाट सुंदर होती. नाला कधी डावीकडं, कधी पायाखाली. ऐनाची खोडं मगरीच्या पाठीसारखी. धावड्याखाली ओली सावली. रस्त्यावर जे ऊन आम्हाला भाजत होतं, ते इथं रुपयारुपयाएवढं होऊन पडलं होतं. खांदा सोलून निघत होता, दोन्ही हात कावडीला, आणि घड्याळ बघायची सोय नव्हती. किती वेळ झाला कळेना. आणि विचारायचं तर नव्हतंच. ओठांवर आलं की मी मडक्यांकडं बघायचो आणि गिळायचो. पिलं ऐकतात असं मला वाटत होतं म्हणून नव्हे. बुधाभाऊ ऐकत होता म्हणून.

एका डोहापाशी पाणी बदललं. मडकी खाली ठेवली ती पाण्यातच, म्हणजे प्रवाह ती हलवत राहील. फडक्यातून जुनं पाणी अर्धं गाळायचं, ओंजळीओंजळीनं नवं घालायचं. चौघंही मुकाट्यानं करत होते. माझ्या एका मडक्यात तळाशी पांढरं काही दिसलं. बुधाभाऊनं मेलेली पिलं पसाभर काढून टाकली.

"हे ठुमका शिकेपर्यंत मेले," तो म्हणाला. चिडून नाही, नुसतं सांगितलं.

मला राहवलं नाही. "भाऊ, सोनाबाईला गणपतपाशी एकटं सोडून चुकलं तर नाही?"

"तिले एकटं सोडलं नाई. डायवराले तिच्यापाशी सोडलं." आणि कावड उचलून तो ठुमकत निघाला.

पण मला ते हसण्यावारी नेता येईना. कोणत्यातरी उन्हात उभी असलेली लॉरी मला दिसत होती, आणि दहा मडक्यांवरून हात फिरवणारी ती बाई आणि तो लंगडा.

कुसुंबटोला

दुसऱ्या पाण्याची वेळ येईतो जंगल विरळलं. धानाच्या बांध्या आल्या आणि त्यापलीकडं तलावाची पाळ. पाळीवर लॉरी उभी होती.

लॉरी आमच्या आधी आली. मागचा फाळका उघडा, आत एकही मडकं नाही. पहिला विचार हाच: ओतून दिली वाटेत. मी कावडीसकट धावणार होतो.

"ठुमका!" बुधाभाऊ ओरडला.

पाळीच्या पलीकडच्या उतारावर, पाण्यात पाय सोडून, सोनाबाई तंबाखू मळत बसली होती. शेजारी रिकामी मडकी उपडी घातलेली. पोळ्याला जमलेलं अर्धं गाव पाळीवर. माझे मामा, पंच, आणि लॉरीला टेकून गणपत.

"आले का नाचे?" ती म्हणाली. "माही पिल्लं तं पोहून बी राह्यली."

"मेली किती?"

"दोन मडक्यांतले गेले. तुमच्या डायवरानं सकायी भाजले ते. बाकीचे जित्ते हायेत. पंचाईनं पाह्यले."

"थांबला नाही तो?"

"थांबून तं पाहाव! थोडा हळू झाला का मी इचारत होती, किती राह्यलं गा? किती राह्यलं? लगातार इचारलं. येडा झाला. पन पिल्लाइले आयकू गेलं नसन, इंजनच इतकं बोंबलत होतं."

जी गोष्ट आम्हाला विचारू दिली नाही, ती तिनं गणपतला वाटभर विचारली होती. मी विचारलं, "आणि आलात किती वेळात?"

"एक पानी बी नाई लागलं."

आधी आमची मडकी सोडली. कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, मडकं तलावात तिरपं धरायचं, तलावाचं पाणी आत येऊ द्यायचं आणि पिलांना आपल्या मनानं बाहेर जाऊ द्यायचं. बुधाभाऊनं माझं मडकं मलाच धरायला लावलं. काळ्याशा धाग्यांचा एक घोळका काठावर थबकला, आणि एकाएकी नव्हताच.

वर आलो तेव्हा गणपत माझी वाटच बघत होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मास्टर, उगाच जंगलात पाय तोडले. मी तुमच्या आधी आलो ना? आता इथं सगळ्यांसमोर हिसाब सांगा. वीस मैल, किती टाइम, काय सरासरी? सेठला सांगायचं आहे मला. नाईतर गावात लोक काय बी बोलतील."

त्याला काय हवं होतं ते मला कळलं. सगळी वाट एकत्र धरली, तर तासाला सात-आठ मैल येत होते. खराब रस्ता, पोळ्याची गर्दी, जुनी लॉरी. कोणाला खटकणार नाही असा आकडा. सरासरीत हीच भानगड आहे. वाईट तास चांगल्या तासाच्या पोटात लपवता येतात. तो आकडा खोटा नव्हता. म्हणूनच मला सांगायचा नव्हता.

मी पंचांकडे वळलो. "एक हिशेब नाही, दोन सांगतो. पहिल्या आठ मैलांना दोन तास लागले, मी घड्याळावर पाहिले. पुढच्या बारा मैलांना तासही लागला नाही, ही बाई साक्ष आहे. लॉरी तीच, ड्रायव्हर तोच, आणि पुढचा रस्ता मागच्यापेक्षा वाईट, हे तुम्हालाच ठाऊक. आम्ही सात जणं होतो तेव्हा लॉरी चालत होती. आणि एक बाई नि एक लंगडा राहिल्यावर पळायला लागली. मधे काय झालं, ते मी पाहिलेलं नाही. तुम्ही गणपतला विचारा."

मामांनी फक्त पाळीवरच्या चिंचेकडं पाहिलं. केवढी तरी सावली होती, आणि लॉरी उन्हात उभी होती. पंचांनीही तिकडं पाहिलं.

त्यानं मुद्दाम केलं, असं मी शपथेवर सांगणार नाही. सेठनं सांगितलं होतं का, तेही मला आजवर कळलेलं नाही. पण पोळ्याच्या दिवशी दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, आणि गणपत पाणीही न पिता गेला. लॉरी पाळीवरून उतरली तेव्हा पंचांतला म्हातारा खाकरून म्हणाला, "बी पडलं. आमी पाह्यलं. तलाव ढिवराइचा." झालं ते एवढंच. टाळ्या नाहीत, काही नाही. बुधाभाऊ पाळीवर मटकन बसला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याचे हात स्थिर झाले.

त्या दिवशी मी जेवलो ते बुधाभाऊच्या ओट्यावर. मोहाच्या पानाची पत्रावळ, उडदाचे वडे, नव्या अंबाडीची भाजी आणि भाताचा ढीग. आमच्याकडे ज्वारीची भाकरी नसली की जेवल्यासारखं वाटत नाही. इथं भाकरी आजाऱ्याला देतात. ढिवराच्या घरी जेवलो हे आईला कळवू नको, असं मामा म्हणाले. मी कळवलं.

परत

तिसऱ्या दिवशी मूलला निघालो. बुधाभाऊ सोबत होता; बी घेऊन आलेल्या उधारीच्या मडक्यांतली उरलेली दोन स्टेशनवर परत द्यायची होती. आम्ही नाल्याच्याच वाटेनं गेलो. कावडीत दोन्हीकडं रिकामी मडकी, आणि म्हातारा सरळ चालत होता, ठुमका न घेता. मला ते विचित्रच वाटलं.

डोहापाशी आलो तेव्हा माझा सोललेला खांदा ठणकत होता. गाडीची वेळ जवळ येत होती का, ठाऊक नाही. घड्याळ मी त्या दिवशी पिशवीत ठेवलं होतं. सवयीनं तोंडातून निघालं, "भाऊ, किती..." आणि मी जीभ चावली.

बुधाभाऊ थांबला. मडक्यांत वाकून पाहिलं, आधी एकात, मग दुसऱ्यात, आणि दोन्ही उलटी करून मला दाखवली.

"कोनी नाई आयकून राह्यलं," तो म्हणाला. "आता इचारा."